नकाशा आला होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, जिच्यापासून मला साधी सर्दी लपवता येत नाही. मित्रांना नाही, भावाला नाही. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता माझाच मला इतका वैताग आलाय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही — असंही असेल.

पण सरळ मुद्द्यावर येणं मला जमणार नाही, आधीच सांगून ठेवतो. मी खरेदी खात्यातला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘मुद्द्याचं बोला’ म्हणून खेकसत आलो, आणि स्वतःवर वेळ आली की मला प्रस्तावना लागते.

तर एक वाक्य आहे. ‘सोबत आवश्यक ती सर्व कागदपत्रे द्यावीत.’ तुम्ही कधी हे वाक्य लिहिलंय? सरकारी कचेरीत, सोसायटीत, कुठंही? लिहिलं असेल तर तुमच्यावर माझा राग आहे, माफ करा. आवश्यक म्हणजे कुणाला आवश्यक? सर्व म्हणजे कोणती? कधी द्यायची — माल यायच्या आधी, की माल गंजल्यावर? अहो, यंत्र मागवताना कागद नावानिशी मागायचे असतात. पायाचा नकाशा, चाचणीचा दाखला, चालवायची माहिती, सुट्या भागांची यादी. कोणता कागद, किती प्रती, कोणत्या भाषेत, कोणत्या तारखेच्या आत. आणि तो हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडायचा नाही. यात कसली आलीय विद्वत्ता? पण नाही. आपल्याकडं माणूस लग्नात आहेर कुणी काय द्यायचा ते सुतळीच्या तोड्यापर्यंत ठरवतो, आणि लाखाचं यंत्र मागवताना लिहितो, ‘आवश्यक ती सर्व’. डोकं फिरतं माझं.

केज तालुक्यात माझ्या ह्या डोकं फिरण्याची ख्याती आहे. मागं मला ‘कागदवाले साहेब’ म्हणत. सहकारी संस्थांच्या शिबिरांत मला भाषणाला बोलवत, आणि मी हेच सगळं हातवारे करून सांगत असे. पोरं हसायची, वहीत उतरवून घ्यायची. पण मला हे शहाणपण कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही. म्हणजे विचारायचे — आणि मी उत्तरही द्यायचो. ते उत्तर खोटं होतं.

तेव्हा मी नांदूरघाटच्या बाजूला एका सहकारी दूध संस्थेत खरेदी अधिकारी होतो. संस्था आता नाही, तेव्हा नाव घेण्यात अर्थ नाही. डिप्लोमा झालेला, नवं लग्न झालेलं, मोटारसायकल घेतलेली. आणि दुष्काळ होता. लागोपाठ दुसऱ्या वर्षी. ज्वारी कणसात आली नाही, कापूस गुडघ्याएवढा होऊन वाळला, काळ्या रानाला हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा पडल्या. घराघरांत रोख पैसा येत होता तो फक्त दुधाचा. छावणीतल्या चाऱ्यावर जगवलेल्या म्हशी जे काय देत होत्या, त्यावर किराणा चालत होता. आणि आमचं दूध थंड करायचं जुनं यंत्र म्हातारं झालेलं. उन्हाळा लागला की ते मान टाकणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून चेअरमन अण्णांनी नवं यंत्र आणायचं ठरवलं, आणि ऑर्डर लिहायचं काम माझ्याकडं आलं.

मी कशी लिहिली ती ऑर्डर? आमच्याकडं पद्धत होती — जुन्यावरून नवं. मागची ऑर्डर काढायची, मालाचं नाव आणि भाव बदलायचा, खाली सही. मीही मागची काढली. ती दुधाच्या कॅनची होती. कॅनच्या ऑर्डरीत शेवटी होतं, ‘सोबत आवश्यक ती सर्व कागदपत्रे द्यावीत’. कॅनला काय लागतं? बिल आणि चलन. बस. ते वाक्य मी तसंच ठेवून कॅनच्या जागी यंत्राचं नाव टाकलं. डिप्लोमा झालेल्या माणसानं! मशीन फाउंडेशनचा आख्खा पेपर सोडवून पास झालेल्या माणसानं! आज एखाद्या पोरानं असं केलं तर मी त्याचं टेबल उलथं करीन.

पायाचं बांधकाम सुदाम वाघमारेकडं होतं. सुदाम आमचा बांधकाम पर्यवेक्षक. आयटीआय झालेला, हसतमुख, कामाला वाघ आणि कागदाला ढिला. बिलं शर्टाच्या खिशात घामानं भिजायची, मापं सिगारेटच्या पाकिटावर लिहायचा, दुपारी पाकीट फेकून द्यायचा. मी त्याच्यावर रोज चिडायचो आणि रोज त्याच्याच डब्यातली भाकरी खायचो. यंत्र यायच्या आधी पाया तयार पाहिजे, म्हणून तो माझ्याकडं आला.

“साहेब, नकाशा कवा येणार हाय? अंदाजानं खड्डा घ्यायचा म्हंजी अवघड हाय बरं. ह्या रानात मुरूम लई खोल हाय.”

मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला की तुमच्या ऑर्डरीत पायाचा नकाशा मागितलेला नाही, वेगळं पत्र द्या, पाठवून देतो. आता यात चिडण्यासारखं काय होतं? एक पत्र. चार ओळी. पण मी चिडलो. यंत्र विकता आणि त्याचा पाया कसा घालायचा ते सांगायला पत्र मागता? मी फोन आपटला. पत्र लिहिलंच नाही — आज लिहू, उद्या लिहू, आणि मुळात का लिहू? चूक माझी होती हे कळलं होतं, म्हणून तर एवढा राग आला होता ना?

सुदामला मी सांगितलं, “जुन्या मशिनीचा पाया दिसतोय ना? त्याच्यावरून घे.” जुन्यावरून नवं, पुन्हा. अण्णांनी उद्घाटनाची तारीख धरलेली, पाहुणे सांगून झालेले. सुदामनं मान हलवली आणि पाया घातला. जुन्या यंत्राच्या कोपऱ्यात मुरूम वरच होता. नव्या जागी काळी माती खाली, आणखी खाली गेलेली. नकाशात काय असतं? कठीण थर लागेपर्यंत खोल जा, एवढंच असतं हो.

यंत्र आलं. त्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा एक गठ्ठा आला. हमीपत्र, तेलाचा तक्ता, एक इंग्रजी पुस्तक. त्यात नकाशा नाही, हे मला बघायचीही गरज नव्हती. मी गठ्ठा न उघडता सुदामच्या हातात दिला. पोच घेतली नाही. आमच्याकडं कागद देताना सही मागितली की माणूस तोंड फिरवायचा. “इस्वास न्हाई व्हय आमच्यावर?” सगळे एकमेकांचे कोण ना कोण लागणारे, सही मागायची म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखं. हातोहात द्यायचं, हातोहात घ्यायचं. सुदामनं गठ्ठा घेतला, खोक्यातले पॅकिंगचे कागद आणि पुठ्ठेही गोळा केले, सायकलला बांधून घरी नेले. त्या वर्षी पऱ्हाट्या नाहीत, तुराट्या नाहीत. शेतात पीकच नाही तर चुलीला काय मिळणार? जो तो कागद-पुठ्ठ्याला टपलेला.

उद्घाटन झालं. नारळ फुटला. आठवडाभर यंत्र चाललं. मग ते हादरायला लागलं, पाया एका बाजूनं खचला, पाइपाचा सांधा निखळला आणि अमोनियाच्या वासानं सगळे डोळे चोळत बाहेर पळाले. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. पण जुनं यंत्र तोवर मोडीत निघालेलं, त्यामुळं दूध केंद्र बंद पडलं, ते पाऊस पडेपर्यंत. रोज बाया चरव्या घेऊन यायच्या आणि परत जायच्या. खवा करावा तर सरपण नाही. दूध दारात नासायचं. तो वास अजून माझ्या नाकात आहे आणि मला चहात दूध चालत नाही.

आता येतो. यावंच लागेल.

संचालक मंडळाची बैठक लागली. अण्णा चिडलेले, आणि का चिडू नयेत, गावोगाव शिव्या त्यांना पडत होत्या. सुदाम कोपऱ्यात उभा. त्यानं खरं तेच सांगितलं — साहेबांनी जुन्यावरून पाया घ्यायला सांगितलतं. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. अण्णा म्हणाले, “ते ऱ्हाऊ द्या. नकाशा आलता का न्हवता, तेवढं सांगा.”

किती सोपा प्रश्न. हो किंवा नाही. ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, का नाही आला? मग ऑर्डर निघाली असती, कॅनचं वाक्य निघालं असतं, फोन निघाला असता.

मी म्हणालो, “नकाशा आला होता.”

म्हणालो, यंत्राबरोबरच्या गठ्ठ्यात होता. गठ्ठा मी वाघमारेंना दिला. जुन्यावरून घ्या म्हटलं ते नकाशा येईपर्यंत. आल्यावर मोजून बघायचं काम कुणाचं? मी हे कसं बोललो, सांगू? सराईतासारखं. थोडा वैतागून. खोट्याला वैतागाचा सूर लावला की ते फार खरं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

सुदाम बौद्ध वस्तीतला, त्या घरातला नोकरीला लागलेला पहिला माणूस. मंडळात त्याचं कुणी नव्हतं. माझे मामा होते, भावकी होती. कुणी कंपनीला फोन करा म्हणालं नाही, कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. कागदाला ढिला माणूस, त्यात तो वाघमारे — सगळ्यांना ते लगेच पटलं. पटणार हे मला आधी ठाऊक होतं का? ठाऊक होतं. म्हणून तर म्हणालो.

पण मी धरून चाललो होतो की सुदाम भांडेल. ओरडेल, साहेब खोटं बोलतात म्हणेल. त्यासाठी मी उत्तरंही तयार ठेवली होती. तो भांडला नाही. त्याच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं, त्याची मी तयारी केली नव्हती — तो आठवत होता. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता. मग धावत सायकलवर घरी गेला. परत आला तेव्हा गठ्ठा होता, नकाशा अर्थातच नव्हता. खाली बघून म्हणाला, “माझ्याकडूनच गेला असंल साहेब. घरी कागद जाळलेत.”

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त. सही न घेता दिलेल्या कागदासारखंच त्यानं माझं खोटं घेतलं, हातोहात. त्याच आठवड्यात त्याचा राजीनामा झाला. माझ्याकडून कुणी खुलासाही मागितला नाही.

पुढं मी सुधारलो, असं तुम्हाला वाटेल. कामात सुधारलो. माझ्या ऑर्डरीत कागदांची यादी पानभर असायची आणि पोचेवर सही घेतल्याशिवाय मी टाचणीसुद्धा दिली नाही. पण ऐका, शिबिरांत मी काय सांगायचो ते. म्हणायचो, “आमच्याकडं एका सुपरवायजरच्या बायकोनं मशिनीच्या नकाशावर आंघोळीचं पाणी तापवलं!” हशा पिकायचा. मी थांबून तो पिकू द्यायचो. असं कितीदा सांगितलं असेल? केजला, अंबाजोगाईला, बीडला. दरवेळी थोडं मीठमसाला लावून. हे कसलं माणूसपण आहे? माझा मला इतका संताप येतो — आणि तरी त्या हशाची गोडी मला आठवते, हेही सांगून टाकतो.

पण एवढंच असतं तर मी कदाचित मरेपर्यंत गप्प बसलो असतो. खोटं बोललो, एकाची नोकरी गेली. असं करून सुखानं झोपणारे मी पाहिलेत. माझं खरं पाप त्यानंतरचं आहे.

राजीनाम्यानंतर काही महिन्यांनी सुदामची बायको, विमल, माझ्या केजच्या घरी आली. वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आली होती, पदराला धूळ. मला वाटलं, आली भांडायला. आत कुठंतरी बरंही वाटलं. भांडू दे, दारात उभं राहून चारचौघांत ओरडू दे एकदाचं. ती खुर्चीवर बसली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि बोलली, ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे.

“साहेब, मीच जाळला असंल त्यो नकाशा. मला वाचता येत न्हाई. सरपण न्हवतं, खोक्यातले कागद चुलीत घातले. त्यात नकाशाचा निळा कागद व्हता का न्हाई, लई आठवून बघितलं, आठवंना. पर तुमी म्हणताव तर असंलच. आमचे मामंजी सांगायचे, लिव्हलेला कागद जाळू न्हाई, त्यात आपलं कायतरी असतंय. मी जाळला.”

मग हळूहळू बाकीचं बोलली. सुदाम तिला मारत नव्हता, ओरडतही नव्हता. फक्त कागद तिच्या हातात देणं त्यानं बंद केलं होतं. रेशनकार्ड त्याच्या खिशात. लेकीचा शाळेचा दाखलासुद्धा तो कामावर घेऊन हिंडायचा. आता तो पुण्याकडं बांधकामावर चालला होता आणि तिला नेणार नव्हता. तिला नोकरी परत नको होती, पैसे नको होते. ती म्हणाली, “तुमी माफ केलं मला, तर त्यो बी करील. तुमचा शब्द मानतो त्यो.”

घरात कुणी नव्हतं. बायको माहेरी होती. माझ्यासमोर ती बाई, आणि एक वाक्य — नकाशा आलाच नव्हता, वहिनी. एवढंच म्हणायचं होतं. तिचा संसार त्या एका वाक्यावर अडला होता आणि ते फक्त माझ्याकडं होतं. तिनं जाऊन सुदामला सांगितलं असतं, सुदामनं अण्णांना, आणि माझं जे व्हायचं ते झालं असतं. मी सगळा हिशेब केला. घाबरलो. त्यात बढतीचं चाललं होतं. वर तिचाच राग आला मला — कशाला आली ही, कशाला विचारते, कशाला एवढा विश्वास ठेवते? वैतागानं माझा आवाज चढणार होता. तो मी आवरला, मऊ केला.

आणि मी तिला माफ केलं.

होय. तसंच म्हणालो. “झालं ते झालं, वहिनी. माझ्या मनात काही नाही. सांगा सुदामला, साहेबांनी माफ केलं म्हणून.” सुदामशी स्वतः बोलायला मी गेलो नाही, त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहायची हिंमत कुठून आणणार? निरोप तिच्याच हाती दिला. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागं घेतले नाहीत. मागं घेतले असते तर तिला शंका आली असती, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. इतका मी सावध होतो.

माझ्या माफीचा उपयोग झाला नाही. सुदाम एकटाच गेला. सणाला यायचा, लेकीच्या नावानं पैसे धाडायचा, पण तिला त्यानं शेवटपर्यंत नेलं नाही, आणि मग तिकडंच वारला. मी नांदूरघाटला त्याच्या घरी भेटायला गेलो होतो. चार माणसांत बसलो, चहा घेतला. तेव्हाही सांगता आलं असतं. तेव्हा तर मला गमवायला काही उरलंही नव्हतं, मी रिटायर झालो होतो. तरी नाही सांगितलं. मग भीती कसली होती म्हणता? मला माहीत नाही. मोठेपणाची सवय लागली होती, बहुतेक.

विमलबाई हयात आहेत. केजच्या बाजारात अधूनमधून दिसतात, लेक सोबत असते. गर्दीतून मला हाक मारून थांबवतात, आणि शेजारी जो कुणी उभा असेल — भाजीवाली, ओळखीपाळखीचं — त्याला सांगतात, “ह्येच ते साहेब. माझ्या हातनं येवढं नुकसान झालतं, पर कदी एक शब्द बोलले न्हाईत मला. देवमाणूस हाय.” आणि हात जोडतात.

मी तो नमस्कार घेतो.